कार्यवृत्तातले शिवराज पाटील

शिवराज पाटील चाकूरकर यांचे नाव आज लातूरशी जोडले जाते. ते बरोबरच आहे. पण त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची पहिली पंधरा वर्षे शोधायची, तर सरकारी कागदांत आधी 'जिल्हा उस्मानाबाद' हे शीर्षक पाहावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदरमधले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले आणि हा जिल्हा पार उदगीरपर्यंत पसरला. लातूर तर निजामाच्या काळापासूनच त्यात होते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे पाटलांची नगरपालिका आणि विधानसभेतली सगळी कारकीर्द आजच्या धाराशिवच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादच्या, इतिहासातही मोडते. जिल्ह्याचा राजकीय इतिहास लिहिताना त्यांना वगळले, तर हद्दीची रेघ मागच्या काळावर ओढल्यासारखे होईल.

चरित्राचा सांगाडा थोडक्यात असा. १२ ऑक्टोबर १९३५ ला चाकूर येथे जन्म. उस्मानिया विद्यापीठातून विज्ञानाची पदवी, मुंबई विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण. १९६७ मध्ये लातूरचे नगराध्यक्ष. १९७३ ते १९८० विधानसभेत. पुढे लोकसभेच्या सलग सात निवडणुकांत विजय: १९८०, १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९. या यादीत एकही पक्षफोड नाही, एकही गाजलेले आंदोलन नाही, सभागृह हादरवणारे भाषण नाही. मग हा माणूस इतकी वर्षे टिकला कसा? उत्तर शोधायला त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांनी भूषवलेल्या पदांच्या तारखा जास्त उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

पहिली तारीख १७ मार्च १९७८. १९७७-७८ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष राहिलेले पाटील या दिवशी अध्यक्ष झाले. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते आणि दोन काँग्रेस पक्षांचे आघाडी सरकार नुकतेच आले होते. चार महिन्यांत ते कोसळले. १८ जुलैला शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार बनवले. कालपर्यंत विरोधी बाकांवर बसणारे सत्तेवर आले. कालचे मंत्री समोर जाऊन बसले. अध्यक्षांच्या खुर्चीत मात्र तेच पाटील राहिले, डिसेंबर १९७९ पर्यंत. सरकार पडले म्हणून अध्यक्षपद आपोआप जात नाही, हे खरे. तरी एका राजवटीने निवडलेला अध्यक्ष तिला पाडणाऱ्यांच्या राजवटीत सतरा महिने काम करतो, हा त्याच्याविषयीच्या विश्वासाचा पुरावा मानायला हरकत नसावी.

दुसरी तारीख जानेवारी १९८० ची. लातूरची लोकसभेची जागा १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील यांनी जिंकली होती. उद्धवराव म्हणजे उस्मानाबादच्या विरोधी राजकारणाचा कणा, रस्त्यावर आणि सभागृहात सारख्याच ताकदीने बोलणारे. अडीच-तीन वर्षांनी त्याच जागेवरून काँग्रेसचे शिवराज पाटील निवडून आले आणि मग चोवीस वर्षे ती जागा त्यांच्याकडेच राहिली. त्याच वर्षी लातूर विधानसभेवर विलासराव देशमुख आले. जिल्ह्याच्या राजकारणाचा पोत इथे बदलला: शेकापचा आवाज मागे पडला आणि दिल्ली-मुंबईत पदे मिळवणाऱ्यांची पिढी पुढे आली.

मंत्रिपदांवर मी फार रेंगाळत नाही. संरक्षण, वाणिज्य, विज्ञान आणि तंत्रज्ञान, नागरी विमान वाहतूक अशी खाती त्यांनी १९८० ते १९८९ या काळात राज्यमंत्री म्हणून सांभाळली. खरा ऐवज पुढच्या दशकात आहे.

मार्च १९९० मध्ये, काँग्रेस विरोधात आणि विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, ते लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. १० जुलै १९९१ ला अध्यक्ष झाले. नरसिंह रावांच्या सरकारकडे तेव्हा बहुमत नव्हते. अशा सभागृहात अध्यक्षांचा प्रत्येक निर्णय सरकारच्या आयुष्याशी निगडित असतो. १९९३ हे वर्ष उघडून पाहावे. मे महिन्यात न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशावर असा प्रस्ताव सभागृहात चर्चेला येण्याची ही पहिलीच वेळ. न्यायमूर्तींच्या वतीने कपिल सिब्बल यांनी सभागृहासमोर बाजू मांडली. ११ मे रोजी मतदान झाले: बाजूने १९६, विरोधात एकही नाही, तटस्थ २०५. घटनेला हवे असलेले बहुमत मिळाले नाही आणि प्रस्ताव पडला. लगेच जुलैत अविश्वास प्रस्ताव आला. २८ तारखेला तो २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. पुढे या मतांसाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचे प्रकरण उभे राहिले. सभागृहात काय बोलले गेले ते कार्यवृत्तात मिळते. सभागृहाबाहेर काय ठरले ते तिथे मिळत नाही. अध्यक्षांच्या मर्यादेचा हा कठोर धडा आहे, आणि केवळ कार्यवृत्तावर विसंबणाऱ्या इतिहासकाराच्या मर्यादेचाही.

याच वर्षी पाटलांच्या हातून त्यांचे सर्वांत टिकाऊ काम झाले. खातेनिहाय स्थायी समित्या एप्रिल १९९३ पासून सुरू झाल्या. आधी, १९८९ मध्ये, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण-वने अशा तीनच विषय समित्या होत्या. त्या जागी तेव्हा १७ समित्या आल्या, प्रत्येकीत लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५ सदस्य होते. पूर्वी अर्थसंकल्पातल्या बहुतेक खात्यांच्या अनुदान मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होत. आता अधिवेशनाला मध्ये खंड देऊन समित्या त्या तपासू लागल्या, सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारू लागल्या. बैठका बंद दाराआड होतात, वर्तमानपत्रात मथळा येत नाही, आणि म्हणूनच तिथे पक्षाचा झेंडा थोडा खाली ठेवून बोलता येते. मवाळ माणसाने उभारलेली ही मवाळ यंत्रणा आहे. आरडाओरड करणाऱ्या सभागृहाला त्यांनी दरडावण्याऐवजी शांतपणे काम करायची दुसरी जागा दिली. उत्कृष्ट संसदपटूचा पुरस्कारही त्यांच्याच काळातला, १९९२ चा. संसदेच्या नव्या ग्रंथालय इमारतीचे भूमिपूजन त्यांनी १७ एप्रिल १९९४ ला केले.

अध्यक्ष झालेल्या खासदाराला सभागृहात आपल्या मतदारसंघाचा प्रश्न विचारता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, लातूर आणि उस्मानाबादमधली गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा या भागातला सर्वांत ज्येष्ठ माणूस त्या खुर्चीत होता. लोकसभेच्या प्रश्नोत्तरांत या भूकंपावर त्यांचा प्रश्न शोधू नये. पदामुळेच तो तिथे असू शकत नाही.

२००४ मध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा सुमारे ३० हजार मतांनी पराभव केला. हरलेला उमेदवार काही दिवसांत देशाचा गृहमंत्री झाला आणि पुढे राज्यसभेवर गेला. लोकांनी नाकारलेल्या नेत्याला एवढे पद देण्यावर टीका झाली, ती योग्यच होती. मात्र त्यांच्या गृहमंत्रिपदाचा आढावा बहुतेक वेळा फक्त त्या काळातल्या दहशतवादी स्फोटांच्या यादीतून घेतला जातो, तो अपुरा वाटतो. 'पोटा' हा दहशतवादविरोधी कायदा २००४ मध्ये रद्द झाला तो त्यांच्या खात्याकडून. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याच्या फेरविचारासाठी न्यायमूर्ती जीवन रेड्डी समिती त्याच वर्षी नेमली गेली. जातीय हिंसाचार रोखण्याचे विधेयक डिसेंबर २००५ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. समितीचा अहवाल अमलात आला नाही, विधेयक कायदा झाले नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे: राज्यसंस्थेचा हात आवरता ठेवण्याची.

त्याच काळात ११ जुलै २००६ चे मुंबई लोकलमधले स्फोट झाले, सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली हादरली आणि २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. ३० नोव्हेंबरला पाटलांनी राजीनामा दिला. पी. चिदंबरम गृहमंत्री झाले आणि डिसेंबर २००८ मध्येच संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यातली कडक दुरुस्ती मंजूर केली. २००४ आणि २००८ चे हे कायदे शेजारी ठेवून वाचले, की एका विचाराचा शेवट तारखेनिशी दिसतो. समित्यांच्या खोलीत ज्या सबुरीने काम साधले, ती गृहखात्यात अपुरी पडली. तिथे लोकांना माहिती, वेग आणि जाब हवा होता.

२०१० ते २०१५ ते पंजाबचे राज्यपाल होते. १२ डिसेंबर २०२५ ला लातूर येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले, 'ओडिसी ऑफ माय लाइफ'. त्यात मुंबईवरच्या हल्ल्याविषयी आणि आपल्या राजीनाम्याविषयी ते मौन पाळतात. समकालीनांवर दोषारोप करायची ती जागा होती, आणि त्यांनी ती घेतली नाही. पण स्वतःचा जाबही दिला नाही. चरित्रकाराने या दोन्ही गोष्टी नोंदवायला हव्यात आणि हल्ल्यापासून राजीनाम्यापर्यंतच्या त्या चार दिवसांसाठी आत्मचरित्र बाजूला ठेवून डिसेंबर २००८ मधल्या संसदेच्या चर्चांकडे जायला हवे.