चहाच्या पेटीवरचा बास : पाचगणीचा फारंग इराणी

१९७६-७७ साली लंडनमध्ये पंक संगीत उसळले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वाद्य येत नसले तरी मंचावर उभे राहा, शिकणे नंतर होईल. 'द क्लॅश' या गटात आला तेव्हा पॉल सिमनन याला बास वाजवता येत नव्हता. त्याने वाद्याच्या दांड्यावर स्वरांची नावे रंगवून घेतली होती.

महाराष्ट्रात हे धाडस त्याच्या कितीतरी आधी घडले. १९५८च्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतील पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' हा गट काढला. पियानोवर फारोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी. बासवर फारंग इराणी. त्याचा बास म्हणजे चहाची रिकामी लाकडी पेटी, एक काठी आणि तिला ताणून बांधलेली दोरी.

ब्रिटनमधील स्किफल गटांतही तेव्हा अशाच पेट्या वाजत. शाहिरामागचे तुणतुणे ऐकलेल्या खानदेशी कानांना ही रचना परकी वाटणार नाही : पोकळ लाकूड, एकच तार आणि गाण्याला अखंड आधार.

शाळा संपली, गट विखुरला. बुलसारा लंडनला गेला. ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात सेनानी झाला. इराणी यांनी पुण्यात सिझलरचे उपाहारगृह चालवले.

हेक्टिक्सची आठवण आता फ्रेडीच्या चरित्रापुरतीच निघते. तेथे या पेटीलाही जागा हवी; पंकने पुढे जे जाहीर केले, ते तिने आधीच करून दाखवले होते.