कर्व्यांचे टोकियो : आधी पुस्तिका, मग शहर

मराठीतील जपान म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला दोन पुस्तके आठवतात : प्रभाकर पाध्ये यांचे ‘तोकोनोमा’ (१९६१) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ (१९६३). नाशिकमध्ये मराठी शिकवताना आम्हीही जपानचा विषय येथूनच सुरू करतो. परंतु महाराष्ट्राच्या जीवनावर ज्या टोकियोचा खोल ठसा उमटला, ते या पुस्तकांच्या कितीतरी आधीचे. त्या टोकियोला जाऊन आलेल्या गृहस्थाचे नाव प्रवासवर्णनकारांच्या यादीत कोणी घेत नाही. ते गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे.

मार्च १९२९ मध्ये, वयाची एकाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना, कर्वे परदेशी निघाले. इंग्लंडमध्ये शिक्षकांची परिषद आणि लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधील व्याख्यान, मग जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर, पुढे अमेरिका. सर्वत्र विषय एकच : हिंदुस्थानातील स्त्रियांचे शिक्षण. एप्रिल १९३० मध्ये मायदेशी परतण्यापूर्वी ते टोकियोला थांबले आणि तेथील महिला विद्यापीठ त्यांनी पाहिले. हा हौसेचा प्रवास नव्हता. कामांच्या साखळीतला तो एक मुक्काम होता, आणि त्यातही पाहण्याजोगे स्थळ त्यांनी निवडले ते आपल्या कामाचेच.

या भेटीचे वेगळेपण तिच्या क्रमात आहे. शहर पाहावे, प्रभावित व्हावे आणि परतून काही उभारावे, ही आपल्या परिचयाची रीत. येथे ती उलटी झाली. टोकियोचे महिला विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केले. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका एका स्नेह्याकडून कर्व्यांकडे आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणाची तयारी करताना पुस्तिकेतला विचार त्यांच्या मनात पक्का झाला, आणि १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी महिला विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू झाले. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ही १९१५ चेच. म्हणजे त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत टोकियोची भेट असणे शक्यच नव्हते. शहर कागदावरून आले, त्याचे येथे एक संस्थारूप झाले, आणि चौदा वर्षांनी संस्थापक मूळ जागा पाहायला गेले.

मधल्या काळात आणखी एक प्रवासी त्याच दारातून आत जाऊन आला. मुंबईचा कापूस आणि जपानच्या गिरण्या यांचा संबंध जुना होता. मुंबई-जपान अशी नियमित आगबोट १८९३ पासून चालू होती. गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात पत्नी प्रेमलीलाबाई आणि सर विश्वेश्वरय्या यांच्यासह जपानला गेले, तेव्हा उद्योगधंद्यांच्या पाहणीतून वेळ काढून त्यांनी हे विद्यापीठ पाहिले. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. व्यापारी प्रवासातली एक मोकळी वेळ एवढी फलदायी ठरल्याचे उदाहरण विरळाच.

१९३० चे टोकियो हौशी प्रवाशाला महिनाभर पुरले असते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत उद्ध्वस्त झालेले हे शहर नव्याने उभे राहिले होते. आसाकुसा ते उएनो अशी आशियातील पहिली प्रवासी भुयारी रेल्वे १९२७ च्या अखेरीस सुरू झाली होती, आणि मार्च १९३० मध्ये पुनर्रचनेचा सोहळा झाला. मेजिरो भागातील महिला विद्यापीठाच्या विटांच्या सभागृहालाही भूकंपाने तडाखा दिला होता. ते १९२४ मध्ये लाकडी बांधणीत पुन्हा उभारण्यात आले. शहराची सारी कहाणी त्या एका इमारतीत वाचता येत होती.

मात्र टोकियोहून आपण नेमके काय घेतले, हा प्रश्न विचारल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. पहिली गोष्ट निःसंशय मोलाची : उच्च शिक्षण स्वभाषेतून देता येते, हा विश्वास. जपानी तरुणी जपानीतून शिकत होत्या. कर्व्यांनी इंग्रजी हा विषय आवश्यक ठेवला, पण शिकवण्याचे माध्यम मातृभाषा केले. दुसरी गोष्ट वादाची आहे. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम आणि त्यात गृहजीवन व आरोग्य यांना मानाचे स्थान, ही कल्पना. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे आगरकरांनी ‘सुधारका’तून त्याच्या कितीतरी आधी मांडले होते. त्या कसोटीवर टोकियोचा नमुना एक पाऊल मागे होता. मेजी काळातील जपानी राज्यसत्तेला ‘चांगली पत्नी, शहाणी माता’ हवी होती. नारुसे यांचा क्रम मात्र वेगळा होता. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिकवावे, असे ते म्हणत. आमच्या मते पुस्तिकेतली ही पहिली पायरीच आपल्या चर्चेत सर्वांत कमी आली. अभ्यासक्रमावर वाद झाले, पण ‘प्रथम माणूस’ या शब्दांवर फारसे कोणी थांबले नाही. तेथे थांबले असते, तर आगरकर आणि नारुसे यांच्यातले अंतर वाटते तेवढे उरले नसते.

दोन्ही संस्थांचे प्राक्तनही सारखे आहे. नावात विद्यापीठ असूनही टोकियोच्या संस्थेला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८ मध्ये. कर्व्यांच्या विद्यापीठासाठी मुंबई विधिमंडळाने कायदा केला १९४९ मध्ये, आणि तो अंमलात आला १९५१ मध्ये. तोवर कर्व्यांच्या विद्यापीठातील विद्यार्थिनी सरकारदरबारी न चालणाऱ्या पदवीसाठी शिकत राहिल्या. पदवीला बाजारात किंमत नसताना मराठीतून उच्च शिक्षण घेणाऱ्या त्या मुलींचा हा धीर, आज मराठी विभागांतील रिकाम्या बाकांबद्दल बोलताना आपण आठवत नाही.

प्रवासवाङ्मयाचा विचार करताना आपण वर्णनाची शैली, विनोद, निरीक्षण यांचे मोजमाप करतो. ते योग्यच आहे. पण काही प्रवास वाक्यांत उतरत नाहीत. ते संस्थांत उतरतात, आणि त्यांचे वाचन संस्थांच्या इतिहासातूनच करावे लागते. कर्व्यांचे टोकियो अशा प्रवासांपैकी आहे. प्रवासवर्णनाच्या तासाला त्याचा उल्लेख झाला, तर वाङ्मयप्रकाराची व्याख्या थोडी सैल होईल खरी, पण विद्यार्थ्याला एक अधिक उपयोगी प्रश्न मिळेल : प्रवासी परतल्यावर घरात काय बदलले?