अनिवार्य ते रद्द

२०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे राजकारण एका क्रियाविशेषणावरून पेटले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ‘अनिवार्य’ केली होती. त्यावर ओरड झाली, तेव्हा १७ जूनला सुधारित निर्णय निघाला. त्यात ‘अनिवार्य’ गेले आणि त्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ येऊन बसले. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल, तर ती मागणारी किमान २० मुले हवीत, अशी अटही होती. ज्या गावात अख्ख्या शाळेचा पट मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरतात, तिथे या ‘सर्वसाधारणपणे’चा अर्थ काय होतो, हे शिक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

सरकार ‘अनिवार्य’ म्हणत होते. राज ठाकऱ्यांची मनसे आणि उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना ‘सक्ती’ म्हणत होती. वस्तू एकच, पण एक शब्द कागदावरचा आणि दुसरा तोंडातला.

‘अनिवार्य’च्या मुळाशी वृ हा धातू आहे, झाकणे, अडवणे, थोपवणे हे त्याचे अर्थ. निवारण, आवरण त्याचेच. पावसाला अडवतो तो निवाराही त्याच घरातला. जे थोपवता येत नाही ते अनिवार्य. एखादा मजकूर कोणी लिहिला हे ठाऊक नसले, तरी त्यात हा शब्द दिसला की तो कार्यालयातून आला आहे हे कळते. ‘उद्या लवकर येणं अनिवार्य आहे’ असे घरात कोणी म्हणत नाही.

‘सक्ती’ दिसायला संस्कृत, शक्तीची धाकटी बहीण वाटावी अशी. पण ती फारसीतून आली. सख़्त म्हणजे कठीण, टणक. मराठीने त्या ख़चा क केला आणि शब्द कामाला लावला : सक्त ताकीद, सक्त मनाई, सक्तमजुरी. हिंदी-उर्दूत सख़्ती म्हणजे कडकपणा. मास्तर सख़्ती करतात, म्हणजे शिस्तीने वागवतात. मराठीत मात्र सक्ती म्हणजे मनाविरुद्ध करायला लावणे. ‘मी तुला सक्ती करत नाही हं’ असे आई म्हणते, तेव्हा ती जवळपास करतच असते, पण ते असो.

गंमत अशी की, शिक्षणाच्या प्रांतात हा शब्द शंभर वर्षे मानाने वावरला. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात त्याचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावातही ‘मोफत व सक्तीचे’ हीच जोडी आहे. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले, आणि त्यामागे येणारा ‘हक्क’ अरबी. या सक्तीविरुद्ध कोणी घोषणा दिल्याचे ऐकिवात नाही. इतकेच काय, २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला.

मग २०२५ मध्येच हा शब्द शिवीसारखा का वाजला? माझ्या मते, मराठी माणूस सक्तीला भीत नाही. ती कोणाच्या गळ्यात पडते ते तो पाहतो. शाहूंची सक्ती पालकावर होती आणि मुलाला त्यातून काही मिळत होते. एप्रिलचा निर्णय सहा वर्षांच्या मुलापुढे तिसरी लिपी नव्हे, तरी तिसरी भाषा ठेवत होता, आणि ती पहिलीपासूनच का, याचे पटेल असे उत्तर कोणी देत नव्हते. ज्या राष्ट्रीय धोरणाचा दाखला दिला जात होता, त्या २०२० च्या धोरणातच कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असे म्हटले आहे. तेव्हा ‘सक्ती’ हा शब्द उचलणाऱ्या पक्षांनी मतांचा हिशेब केला असेलच. राजकीय पक्ष तो करतात. पण शब्द त्यांनी नेमका उचलला.

आणि मग मोर्चाची घोषणा झाली. राज ठाकरे आणि उद्धव ठाकरे यांनी आधी वेगवेगळे बेत जाहीर केले होते; पुढे ५ जुलैचा एकच मोर्चा ठरला. ‘मोर्चा’ही फारसीच. मूर्चाल म्हणजे किल्ल्याला वेढा घालताना खणलेला खंदक, तोफा ठेवायची आडोशाची जागा. बखरींत मोर्चे चालत नाहीत. ते लागतात, कायम होतात, उठतात. त्या तोफांची आठवण आपल्या बोलण्यात अजून आहे. पंगतीत कोणी भजी संपवून जिलबीकडे ‘मोर्चा वळवतो’, तेव्हा तो तोफेचे तोंडच फिरवत असतो. निवडणुकीच्या तिकिटासाठी चालते ती मोर्चेबांधणीही तीच. हिंदीने हा स्थिर अर्थ जपला आहे, म्हणून तिकडे संघटनेला मोर्चा म्हणतात : झारखंड मुक्ति मोर्चा, संयुक्त किसान मोर्चा. मराठीत त्या जागी आघाडी येते, आणि मोर्चा म्हटले की झेंडे, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि बंद पडलेली वाहतूक. खंदकाला पाय कसे फुटले? इंग्रजी ‘मार्च’ कानाला जवळचा होता, त्याने हात दिला असावा. पण शत्रूच्या दारापुढे ठाण मांडायचे, ही मूळ कल्पना सुटलेली नाही. म्हणून तर मोर्चा कुठेही जात नाही, ‘मंत्रालयावर’ जातो, ‘कचेरीवर’ जातो. त्या ‘वर’मध्ये अजून दारूगोळा आहे.

‘घोषणा’ मात्र दोन्ही बाजूंना सारखीच चालते. मंत्री घोषणा करतात, कार्यकर्ते घोषणा देतात. क्रियापद बदलले की शब्द सत्तेतून रस्त्यावर येतो. रस्त्यावरची घोषणा यमकात असावी लागते. मंत्र्यांच्या घोषणेला ती अट नाही, तिला तरतूद लागते.

५ जुलैचा मोर्चा निघालाच नाही. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, सरकारने दोन्ही शासन निर्णय ‘रद्द’ केले. रद्द हा अरबी. मूळ अर्थ परतवणे, माघारी लावणे. म्हणजे जे परतवता येत नाही असे एप्रिलमध्ये संस्कृतातून बजावले होते, ते जूनमध्ये अरबीतून परतवले गेले. जुन्या भाषेत सांगायचे, तर मोर्चे लागण्याआधीच किल्ला खाली झाला. मग वरळीच्या डोममध्ये विजयी मेळावा झाला आणि दोन्ही ठाकरे सुमारे दोन दशकांनी एका व्यासपीठावर आले. मेळावा म्हणजे मेळ, मिळणे. इथे तो निदान दोन माणसांना तरी शब्दशः लागू पडला.

सरकारने २९ जूनलाच त्रिभाषा सूत्राचा विचार करण्यासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमत असल्याचेही सांगितले. ‘समिती’ हा शब्द या सगळ्यांत जुना. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली. पैकी सभा पक्षांच्या वाट्याला आली, समिती सरकारच्या. सम् आणि इ, म्हणजे एकत्र जाणे, अशी तिची फोड आहे. आपल्याकडे समितीच्या बैठका होतात, तिला मुदत असते, आणि बहुतेकदा मुदतवाढही असते.