ट्रकचे टायर घेताना : आधी रस्ता, मग भार, शेवटी भाव

दिवाळी झाली की सीमाभागात ऊसवाहतुकीची गडबड सुरू होते. पाऊस थांबल्यावर खडी, मुरूम आणि जांभ्या चिऱ्यांच्या गाड्याही पुन्हा रस्त्याला लागतात. याच दिवसांत टायरच्या दुकानात गर्दी होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जोडी कितीला?’ खरं तर हा शेवटचा प्रश्न असायला हवा. गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार आणि एका टायरवर किती वजन येणार, हे आधी ठरवलं नाही तर स्वस्तातला टायर भर हंगामात महाग पडतो.

टायरवर काय लिहिलेलं असतं?

आपल्याकडच्या सहाचाकी आणि दहाचाकी गाड्यांना बहुतेक वेळा १०.०० आर २० किंवा २९५/९० आर २० या मापाचे टायर असतात. ‘आर’ म्हणजे रेडियल. त्या जागी नुसती आडवी रेघ असेल, म्हणजे १०.००-२०, तर तो नायलॉन टायर. शेवटचा २० हा आकडा रिमचा व्यास इंचात सांगतो. २२.५ इंची ट्यूबलेस टायर २० च्या रिमवर बसत नाही. त्याला रिमही बदलावी लागते.

मापापुढे १४६/१४३ के असं काहीतरी लिहिलेलं असतं. याच्याकडे सहसा कुणी बघत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडीच्या चाकासाठी. १४३ म्हणजे एका टायरला २,७२५ किलो, १४६ म्हणजे ३,००० किलो, १४९ म्हणजे ३,२५० किलो. ‘के’ म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी ११० किलोमीटर.

भाराचा हिशेब

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्सलच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला पूर्वी १०.२ टन चालायचे, ते ११.५ टन झाले. दहाचाकी गाडीच्या मागच्या दोन अ‍ॅक्सलची मर्यादा १९ वरून २१ टनांवर गेली.

आता साधा हिशेब मांडा. १०.२ टनांना चार टायर, म्हणजे एकावर २,५५० किलो. १४३ चा टायर पुरतो. पण ११.५ टनांवर पासिंग झालेल्या सहाचाकीत एका टायरवर २,८७५ किलो येतात. १४३ चे चार टायर मिळून १०,९०० किलोच पेलतात, म्हणजे कायद्यात बसणारं वजन भरूनसुद्धा टायर ६०० किलोने कमी पडतात. तिथे १४९/१४६ लागतो. त्याचे चार मिळून १२,००० किलो होतात. दहाचाकीत २१ टन आठ टायरांवर वाटले जातात, एकावर २,६२५ किलो, तिथे १४३ भागतो. म्हणून शेजारच्या गाडीला चालला तो टायर आपल्याही गाडीला चालेल असं धरू नका. आरसी बुक काढा, अ‍ॅक्सलचं वजन बघा, टायरच्या संख्येने भागा.

नायलॉन की रेडियल?

खाणीत, क्रशरवर, नांगरटीच्या रानात टायरची भिंत दगडाला घासते. नायलॉन टायरची भिंत जाड असते, ती असा मार जास्त सोसते. रेडियलची भिंत लवचीक असते. कडेने धारदार दगड लागला की ती फाटते, आणि भिंतीला मोठा काप गेला की टायर बाद. उलट डांबरी रस्त्यावर रेडियल कमी तापतो, डिझेल वाचवतो आणि किलोमीटरही जास्त देतो. नायलॉन लांबच्या पल्ल्याला तापतो.

म्हणून निम्म्याहून जास्त धाव खाणीत किंवा रानात असेल तर नायलॉन, नाहीतर खास खाणीसाठी बनवलेला, कापाला टिकणाऱ्या रबराचा रेडियल घ्यावा. चोर्ला किंवा आंबोली घाटातून रोज गोवा-कोकण करणाऱ्या गाडीला रेडियलच परवडतो. एकाच अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल मात्र कधीच नको.

नक्षी कुठली?

उभ्या रेषांची नक्षी, म्हणजे रिब, स्टिअरिंगच्या चाकांना. ती सरळ चालते, कमी तापते. आडवे जाड ठोकळे असलेली नक्षी, म्हणजे लग, मागच्या ओढणाऱ्या चाकांना. चिखलात, उतारावरच्या मुरमात ती जमिनीला पकडते. काळ्या रानातून भरलेला ऊस बाहेर काढायचा तर लग हवाच. मात्र दिवसभर हायवेवर पळणाऱ्या गाडीला खोल लग घातला तर तो तापतो आणि लवकर झिजतो.

हवा आणि जोडी

हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी बघा. चालून तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडेल. टायरवर ८३० केपीए लिहिलं असेल तर ते साधारण १२० पीएसआय होतात. रानात गाडी रुतली म्हणून हवा कमी केली, तर डांबरीवर येण्याआधी पुन्हा भरा. कमी हवेचा, भरलेला टायर आतून तापतो आणि फुटतो.

जोडीतल्या दोन टायरांचा घेर सारखा हवा. एक नवा आणि एक गोटा झालेला लावला तर नव्यावर सगळं वजन येतं. दोरीने मापून बघा. जोडीच्या फटीत अडकलेला दगड खाणीतून बाहेर पडतानाच काढा. लॉक रिंगच्या रिममध्ये हवा भरताना समोर उभं राहू नका. रिंग उडाली तर जीव जातो.

पैसे देण्याआधी

आयएसआय खूण बघा. बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्याने चालत नाही. रिमोल्ड करायचा तर भिंत आणि आतले थर धड असलेलाच टायर द्या, आणि रिमोल्ड पुढच्या चाकाला लावू नका.

शेवटी भाव. टायरच्या किमतीला तो किती किलोमीटर चालला त्याने भागा. प्रत्येक चाकाची नोंद वहीत ठेवलीत तर पुढच्या हंगामात दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही. आणि टायर कितीही दणकट घेतला तरी जादा माल भरायची परवानगी मिळत नाही. गाडी केए असो, एमएच असो की जीए, जादा भाराला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. घाटात टायर फुटला तर मोजावी लागणारी किंमत त्याहून मोठी असते.