इंदापूरची पाहणी आणि आजचें बांधकाम

बांधकामाचा धंदा सृष्टीला पेलेल अशा मर्यादेंत राहावा, म्हणून ध्येयें ठरविण्याचा उद्योग आज सर्वत्र चालू आहे. २०२१ सालीं ग्लासगो येथें भारतानेंही २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन साधण्याचा संकल्प जाहीर केला. अशीं ध्येयें कोणत्या मापानें ठरवावीं, या प्रश्नावर पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याचा जुना अनुभव विचारांत घेण्यासारखा आहे.

पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२७ पासून या भागांतील जमिनींची पाहणी केली. उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा जातां जें उरेल, त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा, असा त्याचा सिद्धान्त होता. सिद्धान्त रेखीव होता. परंतु शेताशेताच्या खर्चाचे खरे आंकडे मिळेनात, आणि हाताखालच्या लोकांनीं ते हवे तसे भरले. सारा न पेलल्यामुळें इंदापुरांत रयतेनें जमिनी टाकल्या. १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं येथेंच नवा आरंभ केला. त्यांनाही तिजोरीच भरावयाची होती. पण त्यांनीं मातीचा रंग व खोली हें माप धरलें, सारा उतरविला आणि तो ३० वर्षें कायम केला. कुदळीनें खणून कोणीही पडताळून पाहावें, असें तें माप होतें. पडीत रानें पुन्हां लागवडीस आलीं.

आज इमारतींच्या कार्बनचे जे हिशेब मांडले जातात, ते गवंड्याला किंवा घरमालकाला पडताळतां येत नाहींत. शिवाय २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते ती २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांना. बारामती-इंदापुरांत शंभर चौरस मीटरांचीं दोनशें घरें निरनिराळीं उठलीं, तर तितकेंच बांधकाम होऊनही त्यांतील एकालाही ती लागत नाहीं. सिमेंटसाठीं चुनखडी भाजतांना खुद्द दगडांतूनच कार्बनवायू सुटतो. आणि नदीच्या पात्रांतील वाळू गेली, कीं तिच्यांत मुरणारें पाणी कांठच्या विहिरींना मिळत नाहीं. पर्जन्यछायेंतील या तालुक्यांत ही हानि शेतकऱ्याला आधीं सोसावी लागते. म्हणून चौरस मीटरामागें सिमेंटचीं पोतीं किती, वाळू किती ब्रास आणि पाण्याचे टँकर किती, हें माप नगरपरिषदेनें व ग्रामपंचायतीनें धरावें. तें गवंड्याच्या रोजच्या हिशेबांतलेंच आहे.

दुसरीही एक गोष्ट लक्षांत ठेवावी. मुदत सरल्यावर १८६७ पासून झालेल्या फेरपाहणींत इंदापूरचा सारा एकदम पुष्कळ वाढविला गेला, आणि पुढें शेजारच्या तालुक्यांतही तसेंच झालें. १८७५ च्या मे महिन्यांत आजच्या बारामती तालुक्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध जो दंगा उसळला, त्याच्या कारणांत या वाढीचीही गणना होते. बांधकामावरील बंधनेंही अशीं एकाएकीं लादलीं, तर त्यांचा भार कर्ज काढून घर बांधणाऱ्यावर पडेल. मर्यादा पायरीपायरीनें आंवळावी, प्रत्येक पायरीची मुदत आधीं जाहीर करावी, आणि आरंभ मोठ्या बांधकामांपासून करावा.