पायरीचा दगड

धावड्याचं आमचं जुनं घर माळवदाचं होतं. भोकरदन तालुक्यातल्या, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या आमच्या भागात तशी घरं पुष्कळ असत. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचन आणि पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर ती माती दरवर्षी चोपावी लागे. एखाद्या वर्षी ते राहिलं, तर रात्रभर घरातली भांडी गळतीखाली मांडत बसायचं.

ते घर आम्ही पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. लाकूड विकलं, माती शेतात टाकली. ओसरीच्या पायरीचा दगड नव्या पायात गेला. आज मला त्या दगडाविषयी बोलायचं आहे, पण आधी थोडं फिरून येऊ.

जागांच्या बारीक नोंदी ठेवण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहा. श्रीचक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले, त्या देवळांच्या, मठांच्या, घरांच्या जागा तिनं दिशांसकट टिपून ठेवल्या. दार कुठल्या बाजूला होतं, हे अशा नोंदींतून समजतं. पण त्या दारातून कोण आत जाई आणि कोण बाहेर उभं राही, हे विचारायचं झालं तर कथा-कादंबऱ्यांकडे वळावं लागतं.

त्यातली सर्वांत जुनी गोष्ट आमच्या शेजारीच, अजिंठ्याला रंगवलेली आहे. १७ क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. तिथल्या भिंतीवर विश्वंतर जातक आहे. मागेल त्याला दान देणारा हा राजपुत्र राज्यातून हद्दपार होतो. चित्रकारानं ही कथा जागांमधून सांगितली आहे. आधी खांबांचा राजवाडा, मग नगराचं दार, मग दुकानांचा रस्ता आणि शेवटी रानातला आश्रम. विश्वंतराचं काय काय सुटत गेलं, हे त्याच्या भोवतीचं छप्पर बदलतं त्यावरूनच कळतं. वाचता न येणाऱ्यालाही समजावी अशी ही सोय आहे.

तिथून एकदम पुण्याच्या वाड्यात येऊ. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापली जात होती. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. वाड्यात पुरुषांची जागा वेगळी, बायकांची वेगळी. नवऱ्याशी दिवसाउजेडी दोन शब्द बोलायचे तरी चोरी. पुढे ती नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते. वाड्यापुढे ती जागा कितीशी असणार? पण तिथं ती वाचते, बोलते, चार माणसांत बसते. नवरा गेल्यावर तिला पुन्हा वाड्यात यावं लागतं आणि तिथंच तिचं बळजबरीनं केशवपन होतं. पुण्याचे वाडे आजही काही उभे आहेत. त्यांचे चौक मोजता येतात. त्या चौकात एका मुलीचा श्वास कसा कोंडत होता, ते मात्र यमूनंच सांगावं.

तिसरी गोष्ट बाबुराव बागुलांची. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातल्या याच नावाच्या कथेत एक दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो. हाती नोकरी आहे, पण राहायला जागा हवी, आणि जागा मागितली की जात विचारली जाते. तो जात लपवतो. आसरा मिळतो. जात कळते तेव्हा मार मिळतो. कथेत भिंतींचं वर्णन फारसं नाही, पण घराचं दार म्हणजे काय, हे ती वाचल्यावर विसरता येत नाही.

ही कथा मी तेव्हाच्या औरंगाबादला शिकत असताना वाचली. वाचता वाचता मला आमच्या ओसरीची पायरी दिसू लागली.

आमच्या सालगड्याची बायको त्या दगडापाशी येऊन थांबायची. ओंजळ पुढे करायची. आजी वरून पाणी ओतायची. कितीदा तरी तो तांब्या मीच आजीच्या हातात आणून दिला आहे. आजी मायाळू होती, भाकरीही द्यायची. पण दगडाच्या अलीकडे ती बाई कधी आली नाही, आणि का येत नाही, असं मी कधी विचारलं नाही. ओसरीवर बसणाऱ्याला तो नुसता पायरीचा दगड होता. त्या कथेनं तो मला प्रथमच बाहेरच्या बाजूनं दाखवला.

घर पाडण्याआधी मी हौसेनं मापं घेतली होती. किती खण, किती खांब, भिंतीची जाडी किती. ती वही माझ्याकडे आहे. दगडाचंही माप त्यात आहे. दोन हात लांब, एक हात रुंद. बस, एवढंच. ती बाई त्या वहीत कुठंच नाही.

मराठवाड्यातली माळवदाची घरं आता झपाट्यानं पडताहेत. राहायला स्लॅबचं घर सोयीचं आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझं सांगणं एवढंच, की तुमचं जुनं घर पाडायची वेळ आली, तर फोटो काढा, मापं घ्या आणि एक पान जास्तीचं लिहा. ओसरीवर कोण बसे, माजघरातून कोण बाहेर येत नसे, पायरीशी कोण थांबे. माझ्या वहीत ते पान मी परवा लिहिलं. फार उशिरा लिहिलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)