टोक्याचे बापूदेवशास्त्री आणि शून्यलब्धीचे गुण

नगरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा रस्ता गोदावरीला येऊन भिडतो, त्या ठिकाणाजवळच प्रवरा गोदेला मिळते. संगमावरील टोकें हें गांव नेवासें तालुक्यांत मोडतें. पर्वकाळीं स्नानाला येणारी मंडळी सिद्धेश्वराचें दर्शन घेऊन परततात. पण महाविद्यालयांत कलनशास्त्र शिकणारा आणि त्याच्या परीक्षेच्या धास्तीनें रात्री जागविणारा विद्यार्थी ह्या गांवावरून जातांना सहसा हात जोडीत नाहीं. जोडावे असें कारण मात्र आहे. नृसिंह ऊर्फ बापूदेवशास्त्री ह्यांचें घराणें मूळचें ह्या टोक्याचें. आणि भास्कराचार्यांना जणूं कलनशास्त्राच्या परीक्षेस बसवून त्यांची उत्तरपत्रिका युरोपच्या विद्वानांपुढें ठेवण्याचें काम ह्याच शास्त्रीबोवांनीं केलें. ह्या शास्त्राला जुन्या मराठींत शून्यलब्धि म्हणत.

बापूदेवांचा जन्म 1821 सालचा. नागपुरास ढुंढिराज मिश्र ह्यांच्यापाशीं ते लीलावती व बीजगणित शिकले. त्या काळच्या पाठशाळेंत गुण, वर्ग, निकालपत्र ह्यांपैकीं कांहींच नव्हतें. म्हणून परीक्षा नव्हती असें मात्र समजूं नये. लीलावतींत सूत्रामागून उदाहरण येतें, आणि तें उदाहरण म्हणजे शिष्याला विचारलेला प्रश्नच असतो. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायांत तर प्रश्नाध्याय म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सूत्र मुखोद्गत करावें, उदाहरण धूळपाटीवर सोडवून दाखवावें आणि मग त्याची उपपत्ति सांगावी, असा क्रम. गुरु शिष्याला गुण देत नसे; पुढचें सूत्र देई, किंवा देत नसे. ह्या पद्धतीचें जितकें कौतुक होतें तितकी ती निर्दोष नव्हती. शिष्याची योग्यता एकाच माणसाच्या मर्जीवर तोलली जाई. उपपत्तीकडे काणाडोळा करून केवळ सूत्रें घोकणारेही पुष्कळ निपजत. आणि ज्यांना पाठशाळेचें दारच उघडें नव्हतें अशा बहुसंख्य मुलांचा आणि सर्व मुलींचा तर विचारच नको.

भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन ह्यांना भारतीय ज्योतिषाचा मोठा नाद होता. नागपुरास त्यांची दृष्टि ह्या तरुणावर पडली आणि 1838 त त्यांनीं त्याला सीहोरच्या पाठशाळेंत नेलें. तेथें बापूदेव पंडित सेवाराम ह्यांच्यापाशीं सिद्धान्तशिरोमणि शिकले आणि खुद्द विल्किन्सनसाहेबांपाशीं युक्लिडची भूमिति. एका हातांत भास्कर आणि दुसऱ्या हातांत युक्लिड, असा विद्यार्थी त्या काळीं विरळाच. 1842 पासून ते काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयांत अध्यापन करूं लागले आणि त्यांचें पुढचें सारें आयुष्य तेथेंच गेलें.

ज्या लेखामुळें येथें त्यांचें स्मरण करावयाचें तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत 1858 सालीं छापला गेला. भास्कराचार्यांना कलनशास्त्राचें तत्त्व ठाऊक होतें, असें त्यांचें प्रतिपादन. सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ 1150 सालचा, म्हणजे न्यूटन व लायब्निट्झ ह्यांच्या आधीं पांचशें वर्षांहून अधिक. तेव्हां हा दावा लहान नव्हता.

शास्त्रीबोवांचा मुद्दा एका लहानशा हिशेबानें समजतो. जुन्या ज्योतिषांत त्रिज्या 3438 कलांची धरून पावणेचार पावणेचार अंशांच्या अंतरानें भुजज्यांची सारणी मांडीत. पहिली ज्या 225. पुढें वाढ हळूहळू कमी होत जाते. आतां, ठीक 60 अंशांपाशीं ज्या कोणत्या वेगानें वाढत आहे? सूर्यसिद्धान्ताची सारणी पाहिली तर 60 अंशांच्या आधींची ज्या 2859, 60 अंशांची 2978 आणि तिच्या पुढची 3084. म्हणजे मागची वाढ 119 आणि पुढची 106. ह्यांपैकीं त्या क्षणाची वाढ कोणती म्हणावी? भास्कराचार्य म्हणतात, दोन्हीही नव्हेत. कोटिज्या त्रिज्येइतकी असतांना वाढ 225, तर इष्ट कोटिज्येला किती, असें त्रैराशिक करा. 60 अंशांची कोटिज्या त्रिज्येच्या निम्मी. म्हणून उत्तर 225 च्या निम्में, साडेबाराशेंचा दहावा भाग नव्हे तर बरोबर 112½. ही संख्या 119 आणि 106 ह्यांच्या अगदीं मध्यावर पडते! आजचा विद्यार्थी हीच गोष्ट भुजज्येचें अवकलन कोटिज्या होतें अशा शब्दांत पाठ करितो. ग्रहाची दिवसाची सरासरी गति निराळी आणि त्या क्षणाची तात्कालिक गति निराळी, हा भेद भास्कराचार्यांनीं नांव देऊन सांगितला होता, ह्याकडे बापूदेवांनीं बोट दाखविलें.

ही उत्तरपत्रिका तपासली विल्यम स्पॉटिस्वूड ह्यांनीं. हे गृहस्थ पुढें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत 1860 सालीं त्यांनीं उत्तर दिलें. त्याचा आशय असा: शास्त्रीबोवांनीं आपल्या ग्रंथकाराच्या पदरांत जरा जास्त माप घातलें आहे. भास्कराचार्यांची कुशाग्र बुद्धि निर्विवाद. उत्तर कलनशास्त्राच्या उत्तराशीं जुळतें हेंही खरें. परंतु काळाचा अंश मनाला येईल तितका लहान करीत जाणें आणि त्या मर्यादेंत काय उरतें तें पाहणें, ही ह्या शास्त्राची जी मुख्य पायरी, ती कोठें स्पष्ट लिहिलेली दिसत नाहीं.

गणिताचे पेपर तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला हा वाद घरचा वाटेल. उत्तर बरोबर, पायरी गाळलेली: गुण किती? बापूदेवांनीं पूर्ण दिले, स्पॉटिस्वूडनीं कापले. दोघांपैकीं कोणावरही अन्यायाचा आरोप करतां येत नाहीं. इतकेंच म्हणावें लागेल कीं, ज्याची उत्तरपत्रिका होती तो विद्यार्थी सातशें वर्षांपूर्वींचा. त्याला फळ्यापाशीं बोलावून ‘ही पायरी कशी आली?’ असें विचारण्याची सोय परीक्षकाला नव्हती.

नेमकी हीच अडचण लौकरच आपल्या इलाख्यांतील हजारों जित्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली. मुंबई विद्यापीठ 1857 त स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावें महाविद्यालयांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें, अशी वांटणी. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला 132 उमेदवार बसले, त्यांपैकीं 22 उत्तीर्ण झाले. ह्या व्यवस्थेनें एक मोठें काम केलें हें विसरतां कामा नये: परीक्षकाला मुलाचें तोंड, कूळ आणि गांव दिसेनासें झालें, दिसूं लागला तो केवळ क्रमांक. पण त्याबरोबर मुलाची वर्षभराची वहीही दिसेनाशी झाली.

डेक्कन कॉलेजांत केरो लक्ष्मण छत्रे गणित शिकवीत, तेव्हांची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1873 त बाळ गंगाधर टिळक तेथें दाखल झाले. पहिलें वर्ष त्यांनीं तालमीला वाहिलें आणि परीक्षेंत त्यांना अपयश आलें. पुढें हाच विद्यार्थी गणित घेऊन पहिल्या वर्गांत बी.ए. झाला. पहिल्या वर्षाचे गुण खोटे नव्हते. परंतु त्यांवरून टिळकांच्या गणिताविषयीं कांहीं अनुमान काढणारा पुरता फसला असता. केरूनानांसारखा गुरु रोज समोर होता, म्हणून तो फसला नाहीं.

गुणांची खरी जत्रा भरे ती केंब्रिजला. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. 1899 सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांनीं जॉर्ज बर्टविसल ह्यांच्या बरोबरीनें तो मान मिळविला. असें यश मिळविणारे ते पहिलेच हिंदी विद्यार्थी. महाराष्ट्रांत आनंदाला पारावार राहिला नाहीं, आणि तें योग्यच झालें. मात्र ज्या क्रमांकाचा येथें एवढा गौरव झाला, तो क्रमांक लावणेंच केंब्रिजनें 1909 नंतर बंद केलें. क्रमांकासाठीं चाललेली घोकंपट्टी आणि खास शिकवणीदारांचें राज्य ह्यांनीं गणित मागें पडतें, अशी तेथील मोठमोठ्या गणितज्ञांची तक्रार होती. हार्डी तर 1926 त ती परीक्षाच नको असें सांगूं लागले.

नगर जिल्ह्याला ह्या साऱ्याचा अनुभव उशिरां आला, कारण महाविद्यालयच उशिरां आलें. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 त सुरू झाल्यापासून जिल्ह्यांतला हुषार मुलगा ट्रंक घेऊन पुण्याला जाई. खोली, खाणावळ, फी हा खर्च झेपणारीं घरें थोडीं. आणि एका पेपरांत गचका बसला तर सारें वर्ष आणि कर्ज काढून पाठविलेले पैसे दोन्ही बुडत. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनीं 1947 त अहमदनगर कॉलेज काढलें तेव्हां ही वाट प्रथमच आंखूड झाली. पुणें विद्यापीठ 1949 त सुरू झालें. प्रश्नपत्रिका पुण्याहून येणार ही गोष्ट राहिलीच. पण नेवाशाचा, पाथर्डीचा, जामखेडचा मुलगा ज्या फळ्यासमोर बसला तो फळा त्याच्या घरापासून एका दिवसाच्या आंत होता, आणि त्याची वही पाहणारा शिक्षक त्याला नांवानें ओळखीत होता.

आतां त्या वहीलाही गुण आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतींत उत्कृष्टाच्या ‘ओ’पासून अनुत्तीर्णाच्या ‘एफ’पर्यंत दहा अंकांची मापपट्टी आहे, आणि सत्रान्त परीक्षेच्या जोडीला घरचा अभ्यास, छोट्या चांचण्या, तोंडी परीक्षा ह्यांचाही वाटा धरला जातो. कागदावर ही सुधारणाच आहे. परंतु वहीला गुण लागतांच वही उतरवून काढण्याची कलाही वाढली, आणि आतां तर फोनला विचारलें तर तो सर्व पायऱ्यांसकट उत्तर लिहून देतो. चाळीस वह्यांत एकच चूक एकाच ओळींत सांपडली म्हणजे शिक्षकानें काय तपासलें आणि कोणाला गुण दिले, हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. शिवाय प्रामाणिकपणें चुकणाऱ्या मुलाला चार गुण कमी आणि निर्दोष नक्कल करणाऱ्याला चार अधिक, असा उलटा हिशेब होतो तो निराळाच.

ह्यावर कित्येक शिक्षक जो उपाय करितात तो जुनाच आहे. वही घेतात, मिटून ठेवतात आणि मुलाला फळ्यापाशीं बोलावतात. क्ष च्या वर्गाचें अवकलन दोन क्ष, हें सर्वांनाच येतें. मग विचारावयाचें: वाढीनें भागलें तेव्हां वाढ शून्य नव्हती, आणि पुढच्याच ओळींत ती शून्य धरून सोडून दिली, हें कसें चाललें? स्पॉटिस्वूडनें भास्कराचार्यांजवळ मागितलेली पायरी हीच. कोणी लगेच सांगतो, कोणी अडखळत सांगतो, कोणी मान खालीं घालतो. आणि त्या आठवड्याचे गुण वहीवरून नव्हे, तर तेथें मांडले जातात.